पिल्लू आणण्याआधी मनाची झडती

आमच्या घरी कुत्रं आणायचं घाटतं आहे. धाकट्याला लहानपणापासून दमा आहे, आणि त्याला जगात सगळ्यात जास्त हवं असलेलं काही असेल तर ते कुत्रं. अमरावतीच्या उन्हाळ्यात धुळीची वावटळ उठली की त्याची छाती घरघरते, पंप हातात घ्यावा लागतो. तरी शाळेतून येताना तो गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याशी बोलत येतो. डॉक्टरांनी कुत्र्याला सरसकट मनाई केलेली नाही, पण सांभाळून, तपासून मगच पाऊल उचला असं बजावलं आहे. या दोन्हींमध्ये वाट काढताना कुणीतरी आम्हाला पूडलच्या संकराचं नाव सांगितलं. लॅब्राडॉर आणि पूडल यांचा लॅब्राडूडल, गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांचा गोल्डनडूडल, कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा कॉकापू. केस गळत नाहीत, म्हणून ॲलर्जी होत नाही, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं.

चौकशी केली तर मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून यादी आली. तिच्यात पिल्लांच्या रंगाआधी पिढी लिहिलेली होती. एफ१ म्हणजे एक पालक शुद्ध लॅब्राडॉर आणि दुसरा शुद्ध पूडल. एफ१बी म्हणजे त्या संकराची पुन्हा पूडलशी जोडी, पिल्लात सरासरी पाऊण हिस्सा पूडल. एफ२ म्हणजे दोन एफ१ ची पिल्लं. त्यापुढे बहुपिढी. किंमत पिढीप्रमाणे चढती-उतरती, आणि दमा असलेल्या मुलाच्या घरासाठी एफ१बी घ्या असा सल्ला. रात्री यादी समोर ठेवून मी आकड्यांची तुलना करत बसले, आणि कितीतरी वेळानं जाणवलं की मला या आकड्यांकडून काहीतरी ऐकायचं आहे. काय ऐकायचं आहे, हे स्वतःला स्पष्ट विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं मी ठरवलं. हे लिहिणं त्या विचारण्यातूनच आलं आहे.

आधी आकडे खरंच काय सांगतात ते समजून घ्यायला हवं होतं. त्यासाठी मला फार लांब जावं लागलं नाही. माझं माहेर अकोल्याचं, आणि आजोळ अकोट तालुक्यातल्या कापसाच्या शेतातलं. वऱ्हाडात पिढी आणि संकर हे विषय कुणाला शिकवावे लागत नाहीत. सीएसएच-१ ही संकरित ज्वारी १९६४ साली आली तेव्हापासून आमच्याकडे 'हायब्रीड' हा शब्द भाकरीबरोबर घरात आला. सुरतच्या केंद्रातून १९७० साली एच-४ हा कापसाचा पहिला व्यापारी संकर निघाला, पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे स्वतःचे संकरित वाण आले, २००२ नंतर बीटी आलं. दरवर्षी नवी पिशवी का घ्यावी लागते हे इथला शेतकरी अनुभवानं जाणतो. मी मामांना एफ१ आणि एफ२ पिल्लांचं सांगितलं तेव्हा त्यांना क्षणभरही अडलं नाही. ते म्हणाले, "बाई, पिशवीतल्या सरकीचं पीक एकसारखं येते. पण त्याच पिकाची सरकी दुसऱ्या साली टोबली त एक झाड कमरेएवढं अन् एक गुडघ्याएवढं. कुत्र्याचं वेगळं काहून राहीन?"

वेगळं नाहीच. पहिल्या पिढीत प्रत्येक पिल्लाला पूडलकडून एक आणि लॅब्राडॉरकडून एक असा जनुकांचा अर्धा-अर्धा वाटा मिळतो. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासानं दाखवलं की कुत्र्यांच्या बहुतेक जातींच्या केसांचं वेगळेपण अवघ्या तीन जनुकांच्या जोडणीतून समजावता येतं. एकानं केसांची लांबी ठरते, दुसऱ्यानं कुरळेपण, आणि तिसऱ्यानं तोंडावरच्या दाढी-मिशा आणि जाड भुवया. दाढी-मिशांचा जनुक प्रभावी आहे, त्याची एक प्रत पुरते. लॅब्राडॉरकडे ती नसते, पूडलकडे असते. म्हणून एफ१ पिल्लाच्या तोंडावर दाढी असते, पण ते केस गाळतं की नाही याची खात्री नसते. दोन एफ१ एकत्र आले की सरासरीनं चारात एका पिल्लाला ही प्रत मिळतच नाही. त्याचं तोंड लॅब्राडॉरसारखं गुळगुळीत निघतं आणि केसही बहुधा त्याच्यासारखेच गळतात. पूडलशी पुन्हा जोडी लावली, म्हणजे एफ१बी केलं, तर प्रत्येक पिल्लाला निदान एक प्रत मिळते. विक्रेत्याचा सल्ला इथवर खरा होता.

कापूस आणि कुत्रा यांच्यातला एक फरक मात्र विसरून चालणार नाही. संकरित कापसाचे आई-बाप कित्येक पिढ्या स्वतःवरच वाढवून एकजीव केलेले असतात. कुत्र्याच्या शुद्ध म्हणवल्या जाणाऱ्या जातीतही दोन भावंडं सारखी नसतात. त्यामुळे एका वेतातल्या एफ१ पिल्लांतही फरक पडतो, स्वभावात तर पडतोच. शिवाय पिशवीवर वाणाचं नाव कायद्यानं छापावं लागतं. लॅब्राडूडलला केनेल क्लब ऑफ इंडिया जात म्हणून मानत नाही. आई-बापांचे कागद पाहिले नाहीत तर 'एफ१बी' हे फक्त विकणाऱ्याचं तोंडी सांगणं उरतं.

हे सगळं समजल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. तसं झालं नाही, कारण केस गळणं आणि दमा उठणं या दोन गोष्टी मी एकच धरून चालले होते. त्या एक नाहीत. कुत्र्याची ॲलर्जी मुख्यतः प्रथिनांमुळे होते. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं प्रथिन, ज्याला कॅन एफ १ म्हणतात, कुत्र्याच्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात असतं. केस हे फक्त त्याचं वाहन. डेट्रॉइटच्या हेन्री फोर्ड रुग्णालयातल्या संशोधकांनी २०११ साली घरांतल्या फरशीवरची धूळ तपासली. ॲलर्जी न करणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या जातींच्या घरांत हे प्रथिन कमी सापडलं नाही. २०१२ साली नेदरलँड्समधल्या अभ्यासात तर अशा जातींच्या केसांत ते इतरांपेक्षा जास्त निघालं. लॅब्राडूडल असलेल्या घरांच्या फरशीवर ते थोडं कमी होतं, पण श्वासात जाणाऱ्या हवेत फरक नव्हता. एकाच जातीतल्या दोन कुत्र्यांमध्येही मोठी तफावत होती.

म्हणजे एफ१बी हा आकडा केसांबद्दल बरंच सांगतो आणि माझ्या मुलाच्या छातीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. हे वाचून झाल्यावरही त्या यादीवरून माझी नजर हटेना. इथे मला पहिल्यांदा स्वतःकडे नीट पाहावं लागलं. मला माहिती हवी होती असं मी समजत होते. खरं तर मला हमी हवी होती. उद्या मुलाला दम लागला तर 'आम्ही योग्य पिढी घेतली होती' असं म्हणता यावं, निर्णयाचं ओझं माझ्या डोक्यावरून त्या आकड्याच्या डोक्यावर जावं, ही माझी इच्छा होती. आईला भीती वाटणं स्वाभाविक आहे. त्या भीतीची जबाबदारी अजून जन्मालाही न आलेल्या पिल्लावर टाकणं मला न्याय्य वाटत नाही.

या संकराला आजची प्रसिद्धी कशी मिळाली ती गोष्ट मी नंतर वाचली, आणि ती माझ्याच प्रश्नाची गोष्ट निघाली. वॉली कॉनरन हे ऑस्ट्रेलियातल्या रॉयल गाइड डॉग्ज संस्थेत काम करत होते. हवाईत राहणाऱ्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, आणि त्यांच्या पतीला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी होती. कॉनरन यांनी तीन वर्षांत ३३ पूडल पारखून पाहिले. एकही त्या कामाला उतरला नाही. शेवटी १९८९ च्या सुमारास त्यांनी पूडल आणि लॅब्राडॉरची जोडी लावली. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने त्या पतीकडे पाठवले, आणि सुलतान नावाचं एकच पिल्लू त्यांना सोसलं. पुढे कॉनरन यांनी दोन संकरांचे संकर, त्यांचेही संकर करून पाहिले. एका वेतात दहा पिल्लं झाली तर त्यातली तीनच ॲलर्जीच्या कसोटीला उतरली. एकूण ३१ पिल्लांनंतर ते थांबले. पुढच्या वर्षांत त्यांनी उघडपणे खंत सांगितली की आपण एक दार उघडलं आणि त्यातून बेजबाबदार पैदास करणाऱ्यांचा लोंढा आत आला.

या हकिकतीत मला दोन गोष्टी सुचतात. कॉनरन यांनी त्या गृहस्थांना पिढीचं आश्वासन दिलं नाही. या पिल्लाची लाळ या माणसाला सोसते का, एवढंच तपासलं. तीन पिल्लांची पिढी एक, आई-बाप एक, आणि उत्तर प्रत्येकाचं वेगळं. दुसरी गोष्ट जास्त टोचते. सुलतान हवाईला गेला. उरलेल्या दोघांना कुणी घ्यायला तयार नव्हतं, कारण मिश्र पिल्लू लोकांना नको होतं. मग या संकराला आकर्षक नाव दिलं गेलं, आणि तेच लोक रांग लावून आले. त्या दोन पिल्लांच्या अंगात काही बदललं नव्हतं.

मग मी स्वतःला विचारलं, मला हे कुत्रं त्या नावासाठी हवं आहे का? नाही म्हणायला जीभ सरसावली, पण मी तिला थांबवलं. यादीतले फोटो पाहताना कुरळ्या, मध रंगाच्या पिल्लावर माझी नजर किती वेळ थांबली, ते मला ठाऊक आहे. आमच्या वसाहतीत असं कुत्रं नाही. संध्याकाळी छत्री तलावाच्या बाजूला त्याला फिरवायला नेल्यावर लोक काय विचारतील, तेही माझ्या मनात येऊन गेलं होतं. आणि त्याच आठवड्यात आमच्या फाटकासमोर गल्लीतल्या कुत्रीची पिल्लं खेळत होती. त्यांच्याबद्दल मी मुलाला फक्त 'हात लावू नको' एवढंच सांगितलं होतं. त्यांची लाळ मुलाला सोसते का, हा प्रश्न मला सुचलाही नव्हता. प्रश्न जर खरोखर दम्याचाच असता तर तो दोन्ही ठिकाणी पडायला हवा होता. तो एकाच ठिकाणी पडला, म्हणजे माझ्या निवडीत दम्याशिवाय आणखी काहीतरी मिसळलेलं होतं. रक्तात कुणाचा किती हिस्सा आहे यावर किंमत ठरवायची सवय आपल्या समाजात किती जुनी आणि किती दुखावणारी आहे हे मला माहीत आहे. ती सवय मला घराच्या दारात कुत्र्यासाठीही पुन्हा नको आहे.

हे लिहिताना गाडगेबाबांची आठवण टाळता येत नाही. बाबांचा जन्म आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचा, समाधी अमरावतीच्या गाडगेनगरात. त्यांच्या संदेशाचे दहा मुद्दे आमच्याकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले असतात. त्यात भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्याच ओळीत मुक्या प्राण्यांना अभय आहे. मुलगा ते रोज वाचतो. अभय म्हणजे पाळलेल्याला अभय की सगळ्यांना, असं त्यानं विचारलं तर माझं उत्तर माझ्या वागण्याशी जुळलं पाहिजे.

अभयाचा प्रश्न सगळ्यात आधी त्या आईशी येऊन थांबतो जिचा फोटो यादीत नव्हता. एफ१बी पिल्लू हवं असेल तर कुठेतरी एक एफ१ मादी पैदाशीसाठी ठेवलेली असते. तिच्यामागे एक लॅब्राडॉर किंवा पूडल मादी. मी जितकी पुढची पिढी मागते तितक्या जास्त माद्या त्या साखळीत उभ्या राहतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या नियमांत यासाठी स्पष्ट मर्यादा आहेत. पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी. मादी १८ महिन्यांपेक्षा लहान नको, ८ वर्षांपेक्षा मोठी नको. वर्षात एकाहून जास्त वेत नको, आयुष्यात पाचाहून जास्त नकोत. पिल्लू ८ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. हे नियम आहेत हे मला ठाऊक नव्हतं तोवर मी विक्रेत्याला पिल्लाच्या केसांबद्दल सगळं विचारलं आणि आईबद्दल एक शब्दही विचारला नाही. नंतर विचारलं. नोंदणी क्रमांक आणि आईला प्रत्यक्ष भेटू देण्याची तयारी, या दोन साध्या मागण्या. उत्तर आलं की पिल्लू आपण घरपोच पाठवू, येण्याची गरज नाही. मी तिथेच थांबले.

आणि ज्या पिल्लांच्या तोंडावर दाढी उगवत नाही, ज्यांचे केस गळतात, त्यांचं काय होतं? प्रत्येक घर जर 'न गळणारं' मागत असेल तर उरलेली कुठेतरी जात असणार. माझी मागणी ही निव्वळ माझ्या घरापुरती गोष्ट राहत नाही. ती एका वेतातल्या पिल्लांना निवडलेली आणि नाकारलेली अशा दोन रांगांत उभी करते.

पुढचा प्रश्न आमच्या गावाचा. पूडल मुळात पाण्यात उतरून शिकार आणणारं कुत्रं, त्याची दाट कुरळी लव गार पाण्यासाठी. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या थंड किनाऱ्यावरचे कोळ्यांचे सोबती, त्यांच्या अंगावर दुहेरी केस. या दोघांच्या पिल्लाला मी अमरावतीत आणणार, जिथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो आणि नवतपात दुपारी रस्ता ओस पडतो. अकोला तर देशातल्या सगळ्यात तापणाऱ्या शहरांच्या यादीत दर उन्हाळ्यात असतं. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि हवाच शरीरापेक्षा गरम असली की तोही अपुरा पडतो. आमचे कूलर चालतात, पण भारनियमन झालं की काय? सकाळी उन्हाआधी आणि रात्री डांबर निवल्यावरच फिरवणं होईल. हे मी चार महिने, दरवर्षी, दहा-बारा वर्षं करणार आहे का?

कुरळे केस गळत नाहीत म्हणजे ते तिथेच अडकून राहतात, गुंततात, त्यांचे घट्ट गठ्ठे होतात, आणि खालची कातडी ओढली जाऊन दुखते. रोज विंचरणं आणि दीड-दोन महिन्यांनी कापणं हे त्या कुत्र्याच्या आरोग्याचाच भाग आहे. आमच्याकडचे गोचीड त्या दाट लवेत सहज लपतात, आणि गोचिडांमुळे होणारे ताप कुत्र्याच्या जिवावर बेततात. घरातलं ॲलर्जीचं प्रथिन कमी ठेवायचं तर कुत्र्याला आठवड्यातून दोनदा आंघोळ घालावी लागते, त्याहून कमी वेळा घातली तर परिणाम टिकत नाही. अकोल्याला काटेपूर्णा धरणाचं पाणी रोज येत नाही, नळाची वाट पाहत पिंपं भरून ठेवायची सवय मला लहानपणापासून आहे. ज्या घरात पाणी मोजून वापरतात तिथे हे काम कोण करणार, हे आधी ठरवायला हवं. मुलगा 'मी करीन' म्हणतो, आणि मनापासून म्हणतो. पण लेकराच्या शब्दावर दुसऱ्या जिवाचं आयुष्य सोपवणं योग्य नाही. माझे हात तयार असतील तरच त्याच्या शब्दाला अर्थ आहे.

संकर म्हणजे निरोगी, ही समजूतही मी तपासली. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं २०२४ साली कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या तीन पूडल-संकरांची त्यांच्या पालक-जातींशी ५७ सर्वसाधारण आजारांबाबत तुलना केली. ८६.६ टक्के तुलनांमध्ये काही फरक आढळला नाही. म्हणजे एकंदरीत हे संकर पालक-जातींपेक्षा कमी निरोगी नाहीत आणि जास्तही नाहीत. हळूहळू दृष्टी घालवणारा डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार लॅब्राडॉरमध्येही असतो आणि पूडलमध्येही. दोन्ही पालकांत तो लपलेला असेल तर पहिल्या पिढीतलं पिल्लूही आंधळं होऊ शकतं. म्हणून पिढीच्या आकड्यापेक्षा आई-बापांच्या तपासणीचे कागद मोलाचे. अशी तपासणी करून घेणारी आणि नियम पाळणारी माणसं असतात, आणि त्यांच्याकडून घेणाऱ्या कुणालाही मी नावं ठेवणार नाही. ज्यांच्या घरात दमा नाही, हवामान सोसणारं आहे, विंचरायला वेळ आहे आणि जे पिल्लाच्या आईला भेटून आलेले आहेत, त्यांच्यासाठी एफ१ की एफ१बी हा रास्त प्रश्न आहे. घरभर केस नको असतील तर एफ१बी, थोडे चालत असतील तर एफ१, आणि एफ२ घेताना पिल्लू थोडं मोठं होऊन तोंडाचे केस दिसेपर्यंत थांबावं, इतकं मी आता सांगू शकते.

माझ्यासाठी मात्र त्याआधीचा एक प्रश्न आहे, आणि या सगळ्या झडतीत तोच मला सगळ्यात कठीण गेला. पिल्लू आलं, मुलाचा जीव त्याच्यावर जडला, आणि सहा महिन्यांनी त्याला दम लागायला लागला, तर त्या पिल्लाचं मी काय करीन? या प्रश्नाचं उत्तर तयार नसताना मी कोणतीही पिढी आणली तरी ती उसनी आणल्यासारखीच ठरेल.

मी अकोल्याला दादाला फोन केला. त्याच्याकडे जुनं घर आहे, मोठं अंगण आहे, कडुनिंबाची सावली आहे. तशी वेळ आली तर कुत्र्याला तू सांभाळशील का, असं विचारलं. दादा थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "आण तू. पण मले आधी सांग, पोराले त्रास होते म्हणून पाठोशील का जड जाते म्हणून पाठोशील? पहिलं असन त दार उघडं हाय. दुसरं असन त आणूच नको."

त्याच्या बोलण्यानं माझ्या मनातली एक पळवाट उघडी पडली. अकोल्याचं अंगण ही सोय आहे, आणि सोय असली की माणूस लवकर हरतो. म्हणून आम्ही नवरा-बायकोनं क्रम ठरवून कागदावर लिहिला. त्रास सुरू झाला तर आधी डॉक्टर आणि औषधं, मुलाच्या झोपण्याच्या खोलीत कुत्र्याला कायमची बंदी, खोलीत हवा गाळणारं यंत्र, आंघोळ आणि विंचरणं ठरल्या वारी, मुलानं नव्हे तर मोठ्यांनी, अंगणात. हे सगळं करूनही डॉक्टर म्हणाले की आता नाही, तरच अकोला. आणि तिथे गेल्यावरही त्याचा खर्च, लसी, आजारपण आमच्याकडे. अकोल्यात पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, तिथल्या उपचारांसाठी दादाला एकट्याला धावपळ करायला लागू नये, मी जाईन.

हा कागद झाल्यावर पिढीचा प्रश्न आपोआप मागे गेला. मुलाची ॲलर्जीची तपासणी आम्ही आधी करून घेणार आहोत. काही जणांना फक्त नर कुत्र्याच्या मूत्रातून येणाऱ्या एका प्रथिनाचाच त्रास होतो, त्यांना मादी सोसते. ते कळलं तर निवड सोपी होईल. त्यानंतर पिल्लू न पाहता वाढलेलं कुत्रं पाहायचं. गावठी असो, कुणी सोडून दिलेला लॅब्राडॉर असो, की एखादा पूडलचा संकर असो. मुलानं त्याच्याबरोबर पुन्हापुन्हा वेळ घालवायचा, त्यानं चाटावं, मांडीवर बसावं, आणि आम्ही छाती पाहायची. वाढलेल्या कुत्र्याचे केस, उंची, स्वभाव, उष्णता सोसण्याची ताकद सगळं दिसून चुकलेलं असतं, अंदाज बांधावा लागत नाही. सुलतानची निवडही शेवटी अशीच झाली होती, त्याच्या स्वतःच्या लाळेवरून. गल्लीतली जी पिल्लं मी मुलाला दुरून दाखवली, त्यांच्या आईची नसबंदी आणि सगळ्यांच्या लसी आम्ही पशुवैद्याकडून करून घेत आहोत. त्यातलं एखादं आमच्याकडे राहील की नाही, ते मुलाच्या श्वासावर ठरेल. त्यांना अभय मात्र त्याआधीच मिळालं पाहिजे.

मुलाला मी हे सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. त्याला यादीतलं कुरळं पिल्लू फार आवडलं होतं, ते येणार नाही हे ऐकून त्याला वाईट वाटलं, आणि ते वाईट वाटणं मी लगेच पुसायचा प्रयत्न केला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग जे येईल ते कायमचं येईल ना?" मी हो म्हणाले. हा शब्द मी आता दिलेला आहे. जे कुत्रं येईल त्याचे केस गळतील किंवा न गळतील, ते शहाणं निघेल किंवा हट्टी, पण आमच्या घरी किंवा दादाच्या घरी, त्याचं असणं आता कुणाच्या पसंतीवर अवलंबून राहणार नाही. पिढी निवडण्याचा अधिकार मी सोडला आहे, आणि पाळण्याची जबाबदारी, समजून उमजून, पूर्ण घेतली आहे.